हौदात पडलेला रिमोट

त्या हिवाळ्यात माझा पाय मोडला नसता, तर मी मामांकडे इतके दिवस राहिलेच नसते. अंबडच्या कारखान्यातून घरी येताना स्कूटर खडीवर घसरली आणि उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यात मामी आल्या, माझ्याकडे आणि प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर काय पंख लावून जाणार हायेस? चल घरी."

फूलबाजारातून रिकामा परत निघालेला त्यांचा टेम्पो बाहेर उभा होता. मागे गोणपाट अंथरून मला त्यावर निजवलं. फळ्यांच्या फटीत शेवंतीच्या पाकळ्या अडकल्या होत्या. दवाखान्यात दिलेल्या गोळीने मला गुंगी आली होती आणि मखमलाबादपर्यंतचा सगळा रस्ता मला फक्त वर दिसला: विजेच्या तारा, झाडांचे शेंडे, आणि फिकट निळं, थंडीतलं आभाळ. शहर कुठे संपलं ते कळलं नाही. हवेला मेथीचा वास यायला लागला, तेव्हा घर आलं असं वाटलं.

माझी खाट पुढच्या खोलीत टाकली. मामांची खाट समोरच्या भिंतीला होती. मामेभाऊ आणि वहिनी दिवसभर शेतात, मामी अंगणात भाजीच्या जुड्या बांधत बसलेल्या. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ त्या खोलीत आम्ही दोघंच असायचो, चालता न येणारी मी आणि डोळे गेलेले मामा.

मामांना काचबिंदू झाला होता. हळूहळू, दहा वर्षांत, सगळं गेलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. आता त्यांना उजेड आहे की नाही एवढंच कळायचं, तेही खिडकीकडे तोंड केल्यावर. पण घरात ते कुठे धडकत नसत. चहाची कपबशी त्यांचा हात बरोबर शोधायचा. आणि त्यांच्या उशाशी कायम एक रिमोट असायचा, काळा, जाड, कडेला चिकटपट्टी लावलेला. त्याच्यावरचे आकडे कधीच पुसले गेले होते. पाचाच्या बटणावर एक बारीक टिंब होतं. तिथे अंगठा ठेवला की बाकीचं सगळं त्यांना ठाऊक होतं.

रोज दुपारी चारला मामा तीन बटणं दाबायचे, पाच, दोन, सात, आणि खोलीत समुद्र यायचा. समुद्रातल्या प्राण्यांचा कुठलासा कार्यक्रम होता, हिंदीतला. निवेदकाचं बोलणं थोडं आणि पाण्याचा आवाज जास्त. मध्येच देवमासे गायचे, लांबलचक, खोल, विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसे. मी अर्धवट झोपेत ऐकायचे. डोळे मिटले की वाटायचं, खाट हलतेय, खिडकीबाहेरचा द्राक्षाचा बाग म्हणजे हिरवं पाणी आहे आणि आम्ही दोघं त्याच्या तळाशी पडलोय.

"काय त्या माशांचं रोज रोज," मामी दारातून म्हणायच्या. त्यांची मालिका सातला असे. तेव्हा रिमोट त्यांच्याकडे जायचा आणि मामा शांतपणे ऐकायचे. पण चारची वेळ मामांची होती.

दुसऱ्या आठवड्यात केबलवाला आला. जुना सेटटॉप बॉक्स बदलायचाय म्हणाला, सगळ्या गल्लीचे बदलतोय. दहा मिनिटांत त्याने काळा डबा काढला, पांढरा बसवला आणि नवा रिमोट मामांच्या हातात दिला. जुना रिमोट आता चालणार नाही, फेकून दिला तरी हरकत नाही, असं सांगून तो पुढच्या घरी गेला. मामांनी जुना रिमोट फेकला नाही. उशीखाली ठेवला.

नवा रिमोट बोटासारखा सडपातळ होता. बटणं सगळी एका मापाची, एका उंचीची, काचेसारखी गुळगुळीत. पाचावर टिंब नव्हतं. चॅनेलचे नंबरही बदलले होते. पहिल्या दिवशी मी मामांचं बोट धरून एकेक बटण दाखवलं. ते मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी परत दाखवलं. मी पाचाच्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, तो घामाने निघून गेला. चार वाजले की मामा रिमोट हातात घ्यायचे, दाबायचे, आणि कधी बातम्या लागायच्या, कधी दक्षिणेकडची कुठली भाषा, कधी टीव्ही पूर्ण गप्प व्हायचा. मी सांगायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "थांब, जमंल."

सहाव्या दिवशी सकाळी तो रिमोट गोठ्यामागच्या हौदात सापडला.

मामींनीच काढला. त्याच्यातून पाणी निथळत होतं. "मांजराचीच कामं ही," असं त्या घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या आणि चुलीपाशी पेंगत असलेल्या मांजराला त्यांनी पिटाळून लावलं. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. केबलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, दुसरा यायला पंधरा दिवस तरी लागतील. नव्या डब्याला चालू-बंदचं एकच बटण होतं. चालू केला की त्याचं स्वतःचं जाहिरातींचं चॅनेल लागायचं, आणि एक बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न चिकटणाऱ्या तव्याचं कौतुक करायची.

तीन दिवस आम्ही तो तवा ऐकला. चौथ्या दिवशी मी कारखान्यातल्या मैत्रिणीला फोन लावला.

मी कारखान्यात वीजमीटर तपासते. मीटरच्या काचेमागे एक छोटा दिवा असतो, न दिसणाऱ्या प्रकाशाचा. त्याच्याशी बोलून मीटरमधली माहिती काढायची, हे माझं रोजचं काम. रिमोटमध्येही तोच दिवा असतो. त्यामुळे हे आपल्याला जमेल असं मला उगाच वाटलं. मैत्रिणीने एक छोटा सर्किट बोर्ड, प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि दोन एलईडी पाठवून दिले. लॅपटॉप घरून मागवला. मामींनी पाट आणून माझ्या मांडीवर ठेवला.

ओला रिमोट मी आधीच उघडून पुसून खिडकीत उन्हाला ठेवला होता. फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून एकेक बटण दाबलं. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं. सगळी बटणं मेली होती, एक सोडून. आवाज बंद करायचं बटण दाबलं की फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी थरथरायची. आवाज नाही, ऊब नाही, फक्त तो जांभळा रंग. मी ते बटण सेन्सरसमोर तीनदा दाबलं आणि त्याच्या खुणा लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. चौथ्यांदा ठिणगी आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

एका बटणावर घर चालणार नव्हतं. मग मी इंटरनेटवर शोधलं आणि दोन दुपारी घालवल्यावर त्या डब्याच्या बटणांची यादी सापडली. जगात कुठेतरी बसलेल्या कुणा माणसाने, कदाचित त्याच्याही घरातला रिमोट हरवल्यामुळे, सगळी बटणं लिहून ठेवली होती. फक्त त्याची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. माझ्या बोर्डाला प्रत्येक लुकलुक हवी होती: इतका वेळ पेट, इतका वेळ विझ, परत पेट. यादीत मात्र प्रत्येक बटणासमोर फक्त छोट्या संख्या होत्या. त्या संख्यांची लुकलुक मला करायची होती.

रिमोटचं बोलणं तसं साधं असतं. दिवा एकदा लांब पेटतो, म्हणजे 'ऐक'. मग झटपट लुकलुकतो. लुकलुक सगळी सारखी, पण दोन पेटण्यांमधली जागा कधी आखूड असते, कधी लांब. आखूड आणि लांब, एवढी दोनच अक्षरं. आठ अक्षरांचा एक शब्द. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं.

मी वहीत लिहायला बसले. गोळ्यांमुळे दुपारी डोकं जड व्हायचं. प्रत्येक संख्या शून्य आणि एकमध्ये फोडायची: शून्य म्हणजे आखूड, त्यासाठी बिंदू; एक म्हणजे लांब, त्यासाठी रेघ. ओळीवर ओळी भरत जायच्या आणि कधी झोप लागायची ते कळायचं नाही. झोपेतही बिंदू आणि रेघा चालत राहायच्या, शेवंतीच्या वाफ्यांसारख्या एकामागे एक. जाग आली की वही छातीवर असायची, ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलेलं असायचं, आणि समोर मामा जागे, माझ्या पेन्सिलीचा आवाज ऐकत.

सगळी बटणं लिहून झाली. बोर्डात भरली. एलईडी डब्यासमोर धरला. काहीच झालं नाही. तव्याची बाई बोलतच राहिली.

मी दोन दिवस चूक शोधली. आवाज बंद करायचं बटण मी स्वतः पकडलं होतं, आणि यादीतही ते होतं. दोन्हीकडच्या खुणा जुळायला हव्या होत्या. जुळत नव्हत्या. यादी दुसऱ्याच कुठल्या डब्याची असणार, असं मी ठरवून टाकलं आणि वही मिटली.

"झालं का गं?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. यादीच चुकीची आहे."

ते कुशीवर वळले. मग म्हणाले, "तू जे लिहितीस, ते ऐकू येत नाय का?"

"प्रकाश आहे मामा तो. ऐकू कसा येईल?"

"आवाज करून दाखव की. मला दिसणार नाय, पण ऐकू तर येईल."

मला तेवढंच काम मिळालं. लॅपटॉपवर मी दोन्ही खुणांचे आवाज तयार केले, दोनशे पट हळू करून. एकेक टिक, मधली जागा आखूड किंवा लांब. मामा उठून बसले, पाय खाली सोडले. तरुणपणी ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, हे मी विसरूनच गेले होते. त्यांची बोटं आपोआप मांडीवर आली.

मी आधी रिमोटवरून पकडलेलं वाजवलं. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत लावलं. मग ते तोंडाने बोल म्हणायला लागले, आखूडला 'त', लांबला 'धा'.

"हे शेवटाकडचं बघ. त त त धा, त धा धा त. आन् त्याच्या मागून काय येतं? धा धा धा त, धा त त धा. सवाल-जवाब हाय हा. जिथं ह्यो त म्हणतो, तिथं दुसरा धा म्हणतो."

मी वहीत पाहिलं. खरंच होतं. संदेश चुकू नये म्हणून रिमोट प्रत्येक शब्द आधी सरळ सांगतो, मग त्याच्या नेमका विरुद्ध. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मामांनी ते दोन वेळा ऐकून सांगितलं.

"आता तुझ्या यादीतलं लाव."

मी लावलं. त्यांनी मान तिरपी केली. बोटं मांडीवर हलली, थांबली, परत हलली.

"त धा धा त, धा त त त." ते हसले. "अगं, हे तेच हाय."

"नाही मामा, वेगळं आहे. मी दहा वेळा बघितलं."

"तू बघितलं. शेवटापासून म्हण."

मी म्हणून पाहिलं. त त त धा, त धा धा त. यादी बरोबर होती. ज्याने ती लिहिली त्याने प्रत्येक शब्द नेहमीच्या संख्येसारखा लिहिला होता, आणि रिमोट मात्र तोच शब्द उजवीकडून डावीकडे बोलत होता. मी डावीकडून वाचत बसले होते. दोन दिवस तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता.

सगळे शब्द उलटायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ पुरली. मी एलईडी पांढऱ्या डब्याकडे धरला आणि आवाज बंद करायचा शब्द पाठवला. तव्याची बाई वाक्याच्या मध्येच गप्प झाली. खोलीत एकदम शांतता पसरली. बाहेर पोपट ओरडत होते, ते ऐकू यायला लागले.

"लाईट गेली का?" मामींनी अंगणातून विचारलं.

आम्ही दोघंही हसत होतो.

पण मामांना माझा बोर्ड नको होता. त्यांना त्यांचा रिमोट हवा होता. म्हणून पुढचे चार दिवस मी दुसरं काम केलं. जुन्या काळ्या रिमोटची बोली आणखी वेगळीच होती. सेन्सरने ती ऐकायची, बोर्डाने ती ओळखायची, आणि एलईडीने नव्या डब्याला त्याच्या बोलीत सांगायची. सगळं बसवायला मामींनी हिंगाची प्लास्टिकची डबी दिली. तिला गरम खिळ्याने दोन भोकं पाडली. घरात दोन दिवस हिंगाचा वास होता. पहिल्यांदा दोन दाबलं की बावीस लागायचं, कारण मामांचा अंगठा बटणावर जरा रेंगाळायचा आणि डबी तेच दोनदा सांगायची. रेंगाळणाऱ्या अंगठ्यासाठी मी थोडा वेळ वाढवला. मग जमलं.

समुद्राचा नंबर आता सातशे एकवीस होता. "सात, दोन, एक," मामा पुटपुटले. उशीखालून जुना रिमोट काढला, अंगठा टिंबावर ठेवला, तिथून खाली, तिथून वर. चार वाजायला काही मिनिटं कमी होती. आधी जाहिराती आल्या. मग पाण्याचा आवाज आला, आणि त्याच्या खूप खालून एक देवमासा गायला लागला.

मामांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तो रिमोट पडला नव्हता, पोरी. मी टाकला."

मी लॅपटॉप मिटला.

"पाच दिवस हात फिरवला त्याच्यावर. सगळी बटणं एकसारखी. त्या दिवशी संध्याकाळी कायतरी लागलं, मोठ्यांदा, भांडत व्हती माणसं. मला ते बंद करता येईना. तुझ्या मामीला हाक मारायची लाज वाटली. दिसायचं गेलं, ते मी सोसलं. पण ऐकायचंबी दुसऱ्याला विचारून? मग पहाटं उठलो, भिंत धरून गोठ्यापर्यंत गेलो, आन् दिला टाकून." त्यांनी अंगठ्याने पाचाचं टिंब चाचपलं. "मांजराला उगाच बोलणी बसली."

त्यांचा चेहरा खिडकीकडे होता. मी एवढंच म्हटलं, "मामींना सांगा."

त्यांनी लगेच सांगितलं. मामी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना हाक मारून सगळं सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं, जुडीचा सुटा धागा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "हौदाचा कठडा माझ्या कमरेएवढा हाय. मांजर रिमोट तोंडात धरून वर चढलं व्हय? मला त्या दिवशीच कळलं व्हतं."

"मग बोलली नाय?"

"काय बोलू? तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला व्हता." त्या आत आल्या आणि मामांच्या खाटेच्या कडेला बसल्या. "सरका जरा. बघू तरी काय करतोय तो मासा."

टीव्हीवर काळंनिळं पाणी होतं. एक मादी आणि तिचं पिल्लू पृष्ठभागाकडे जात होती, अगदी संथ, कसलीच घाई नसल्यासारखी. मामींनी ते बघितलं आणि त्यांच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला केव्हातरी डोळा लागला. जागी झाले तेव्हा खोलीत संध्याकाळचा तांबूस उजेड होता, टीव्ही बंद होता, आणि ते दोघं हळू आवाजात रत्नागिरीच्या कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होते. तिथे त्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी पहिल्यांदा समुद्र बघितला होता. मामांना लाटांचा रंग आठवत होता. मामींना आठवत होतं की त्यांची नवी चप्पल पाण्यात वाहून गेली होती आणि मामा ती धरायला गुडघाभर पाण्यात पळाले होते.

"हिरवी व्हती," मामा म्हणाले.

"चप्पल का पाणी?"

"दोन्ही."

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी मी इंटरनेटवरच्या त्या यादीखाली एक ओळ लिहिली: प्रत्येक संख्येचे शून्य-एक शेवटापासून पाठवा, म्हणजे डबा ऐकेल. लिहिणारा कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पंधरा दिवस म्हणालेला केबलवाला नवा रिमोट घेऊन महिन्याने उगवला, तोपर्यंत मी माझ्या तिसऱ्या मजल्यावर परत आले होते. मामींचा फोन आला. नवा रिमोट त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवलाय, सातच्या मालिकेसाठी. परवा मात्र भांडण झालं म्हणाल्या. कार्यक्रम लांबला, सात वाजून गेले, त्यांनी चॅनेल बदललं, मामांनी परत समुद्र लावला. मामींनी परत बदललं, मामांनी परत लावला.

"मग शेवटी कोण जिंकलं?" मी विचारलं.

"मालिका आता दुसऱ्या दिवशी सकाळी परत दाखवतात," मामी म्हणाल्या, आणि फोन खाली ठेवायच्या आधी मला मागून पाण्याचा आवाज ऐकू आला.